अपघाताचा अहवाल आणि विद्यापीठाची स्मृती

विद्यापीठाच्या आवारात निर्माण होणाऱ्या लेखनाचा विचार करताना प्रबंध, पाठ्यपुस्तके, व्याख्याने आणि संशोधनपत्रिका यांकडे समीक्षकाचे लक्ष सहज जाते. त्याच आवारात घडलेल्या अपघातांच्या चौकशीचे अहवाल मात्र प्रशासनाच्या दप्तरात जमा होतात आणि चिकित्सेच्या कक्षेबाहेर राहतात. वस्तुतः अशा अहवालांचे साक्षेपी वाचन होणे अगत्याचे आहे. घटनेचा प्रारंभ कोठून धरावयाचा, कोणाची कृती सविस्तर सांगावयाची व कोणाची गृहीत धरून सोडून द्यावयाची, वाक्याचा कर्ता कोणाला करावयाचे, हे सारे निर्णय अहवाल लिहिणाऱ्याला घ्यावे लागतात. वरवर पाहता हे निर्णय केवळ निवेदनाचे असतात. परंतु पुढे ताकीद कोणाला मिळणार, नियम कोणते बदलणार आणि कोणती व्यवस्था पूर्वीप्रमाणेच चालू राहणार, हे पुष्कळ अंशी त्यांवरूनच ठरते.

या दृष्टीने अमेरिकेतील रासायनिक सुरक्षितता व अपघात-अन्वेषण मंडळाने 2011 च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध केलेला टेक्सास टेक विद्यापीठातील स्फोटाविषयीचा अहवाल अभ्यासनीय आहे. हे मंडळ दंड करीत नाही, नियम घालून देत नाही, खटलेही भरीत नाही. कारणे शोधावयाची आणि शिफारशी करावयाच्या, एवढाच त्याचा अधिकार. तेलशुद्धीकरणाचे कारखाने व रसायनांची कोठारे हे ज्याच्या चौकशीचे नेहमीचे क्षेत्र, त्या मंडळाने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील अपघाताची अशी समग्र चौकशी प्रथमच हाती घेतली होती. त्यामुळे या अहवालात एक बाहेरची दृष्टी विद्यापीठाकडे पाहत आहे. अहवालाचे पुष्कळसे सामर्थ्य या बाहेरच्या दृष्टीत आहे. त्याची मर्यादाही तिच्यातच शोधावी लागते.

मूळ घटना थोडक्यात अशी. दि. 7 जानेवारी 2010 रोजी लबक येथील त्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक संशोधक विद्यार्थी निकेल हायड्रॅझिन परक्लोरेट या स्फोटक संयुगावर काम करीत होता. असे संयुग एका वेळी शंभर मिलिग्रॅमहून अधिक तयार करू नये, असा त्या संशोधनगटात संकेत होता. तथापि निरनिराळ्या चाचण्यांसाठी पुनःपुन्हा लहान प्रमाणात संयुग तयार करण्यापेक्षा एकदाच पुरेसे तयार करावे, या विचाराने सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या शंभरपट, द्रव्य तयार करण्यात आले. त्यात गुठळ्या आढळल्या. पाणी किंवा हेक्सेन यांनी ओले असताना हे द्रव्य आघाताने पेटत नाही, अशी गटात समजूत होती. त्या समजुतीवर विसंबून विद्यार्थ्याने त्यातील सुमारे निम्मे द्रव्य खलबत्त्यात घेतले, त्यावर हेक्सेन घातले आणि ते हलक्या हाताने खलले. काम संपले असे वाटल्यावर त्याने संरक्षक चष्मा उतरवून ठेवला. मग आणखी एकदा ढवळावे म्हणून तो परत वळला, आणि त्याच क्षणी स्फोट झाला. त्याची डाव्या हाताची तीन बोटे गेली, डोळ्याला इजा झाली आणि हातातोंडावर भाजल्याच्या व कापल्याच्या जखमा झाल्या.

हीच हकीकत एखाद्या सामान्य कार्यालयीन टिपणात कशी उतरली असती याची कल्पना करणे कठीण नाही. विद्यार्थ्याने ठरलेली मर्यादा ओलांडली, डोळ्यांवरील चष्मा काढला, सबब अपघात त्याच्या निष्काळजीपणामुळे घडला. यापुढे सर्वांनी दक्षता घ्यावी. अशा टिपणातील प्रत्येक विधान खरे असते आणि तरीही टिपण अपुरे असते. त्याची कथा स्फोटाच्या काही मिनिटे आधी सुरू होते आणि स्फोटाबरोबर संपते. तीत एकच पात्र असते, आणि ते पात्र रुग्णालयात असल्यामुळे त्याला आपली बाजू मांडता येत नाही.

प्रस्तुत अहवालाने ही वाट टाळली आहे. त्याची रचना पाहिली असता असे दिसते की, खलबत्त्यापासून प्रारंभ करून तो क्रमाक्रमाने मागे जातो. मर्यादा शंभर मिलिग्रॅमची होती हे खरे. पण ती कोठे लिहिलेली होती? ती तोंडी सांगितली गेली होती, आणि तोंडी सांगितलेली गोष्ट प्रत्येकाच्या मनात सारख्याच अर्थाने राहील याची शाश्वती नव्हती. ओले द्रव्य निर्धोक असते ही समजूत कोणी पारखून पाहिली होती? पारखण्याची रीतच गटात नव्हती. याच गटात पूर्वी प्रमाणमर्यादा ओलांडल्याचे प्रसंग घडले होते. त्यांत सुदैवाने कोणास इजा झाली नव्हती. त्या प्रसंगांची नोंद कोठे होती? ती झालीच नव्हती, त्यामुळे त्यांतून कोणी काही शिकलेही नव्हते. विद्यापीठात सुरक्षितता-विभाग होता आणि तो तपासणीही करीत असे; परंतु संशोधनाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांशी त्याचा थेट संबंध नव्हता, त्यामुळे त्याच्या सूचनांना प्रयोगशाळेत वजन नव्हते. संशोधनाला पैसा अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याकडून मिळत होता. स्फोटकांच्या अभ्यासासाठी दिल्या जाणाऱ्या त्या अनुदानाच्या करारात सुरक्षिततेविषयी विशिष्ट अपेक्षा नमूद केलेल्या नव्हत्या. प्रयोगशाळांसाठी केलेला 1990 चा संघराज्यीय नियमही मुख्यतः रसायनांमुळे आरोग्याला पोहोचणाऱ्या अपायांना उद्देशून होता. स्फोटासारख्या भौतिक धोक्याचा विचार त्यात गौण होता.

हा क्रम समजावून देण्यासाठी अहवालाने मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या सुप्रसिद्ध प्रतिमानाचा आधार घेतला आहे. संरक्षणाचे प्रत्येक आवरण चीजच्या चकतीप्रमाणे सच्छिद्र असते, आणि सर्व चकत्यांमधील छिद्रे एका रेषेत आली की धोका आरपार जातो, असे ते प्रतिमान सांगते. प्रतिमान उपयुक्त आहे, पण त्यात एक दोषही आहे. चकतीतील छिद्रे आपोआप पडलेली असतात; ती कोणी पाडलेली किंवा कोणी बुजवावयाची राहून गेलेली नसतात. प्रतिमान शब्दशः घेतले, तर दोष सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही, अशा निष्कर्षावर वाचक येऊन पोहोचण्याचा संभव आहे. अहवाल या धोक्यातून बहुतांशी सुटतो, याचे श्रेय प्रतिमानाला नाही. प्रत्येक आवरणाला त्याने नाव दिले आहे, आणि ते कोणाच्या अखत्यारीतील होते हे स्पष्ट सांगितले आहे, हे त्याचे कारण होय.

तथापि अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग निराळाच आहे. आपल्या प्रयोगशाळेत सुरक्षितता-तपासनीसाने यावे व उणिवा दाखवाव्यात, हा आपल्या विद्याविषयक स्वातंत्र्यावर आघात होय, अशी काही प्राध्यापकांची भावना असल्याचे चौकशीत आढळून आले. अहवालाने या गोष्टीचा उल्लेख संयमाने केला आहे. परंतु सर्व प्रकरणाची किल्ली येथेच आहे. विद्याविषयक स्वातंत्र्य ही विद्यापीठाची प्राणभूत कल्पना आहे. काय शोधावे, काय शिकवावे आणि कोणता निष्कर्ष काढावा, याविषयी सत्तेने वा पैशाने दबाव आणू नये, असा तिचा आशय आहे. निष्कर्षासंबंधीचे हे स्वातंत्र्य खलबत्त्यासंबंधीचे स्वातंत्र्य कधी झाले, हा खरा प्रश्न आहे. एखादा सिद्धान्त मांडताना चूक झाली तर ती दुसरा विद्वान दाखवून देतो आणि ज्ञान पुढे जाते. स्फोटक द्रव्याच्या प्रमाणात चूक झाली तर ती दाखवून देण्यास अवधीच मिळत नाही, आणि तिचे मूल्य पुष्कळदा सिद्धान्त मांडणारा देत नाही. त्याच्या हाताखाली काम करणारा देतो. जेथे चुकीचे फळ दुसऱ्याला भोगावे लागते, तेथे स्वातंत्र्याचा दावा त्या दुसऱ्याच्या संमतीवाचून पुरा होत नाही.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. नोंद करणे, पारखणे आणि पुढील पिढीच्या हाती देणे हा तर विद्यापीठाचा व्यवसायच. एखाद्या संयुगाचा उत्कलनबिंदू तेथे काटेकोरपणे लिहिला जातो, तो कोणी मोजला हे सांगितले जाते, आणि शंका आल्यास पुन्हा मोजला जातो. त्याच संयुगापासून संभवणाऱ्या धोक्याचे ज्ञान मात्र तोंडी राहते. ते मार्गदर्शकाच्या आठवणीत असते, ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या सवयीत असते, आणि ती माणसे निघून गेली की त्यांच्याबरोबर जाते. टेक्सास टेकच्या अहवालाने दाखवून दिलेली उणीव हीच होय. अहवालात हे सूत्र या शब्दांत आलेले नाही. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष याच सूत्रात गोवता येतो. न लिहिलेली मर्यादा, न पारखलेली समजूत आणि न नोंदलेले पूर्वीचे प्रसंग, या तिन्ही गोष्टी एकाच विस्मृतीची रूपे आहेत.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, संस्थेवर एवढा भर दिल्याने व्यक्तीची जबाबदारी सैल पडते. आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. चष्मा शेवटी ज्याचा त्यानेच डोळ्यांवर ठेवावयाचा असतो. परंतु व्यक्तिगत दक्षतेची मर्यादा कोठे येते हे पाहण्यासाठी डार्टमथ महाविद्यालयातील रसायनशास्त्रज्ञ कॅरन वेटरहान यांचे उदाहरण पुरेसे आहे. विषारी धातूंच्या परिणामांचा अभ्यास हाच त्यांच्या संशोधनाचा विषय होता. ऑगस्ट 1996 मध्ये त्या धूर शोषून घेणाऱ्या कपाटाशी, हातांत हातमोजे घालून, रीतसर काम करीत होत्या. डायमिथिल मर्क्युरीचे काही थेंब त्यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर पडले. काही महिन्यांनी त्यांचा तोल जाऊ लागला, वाणी अडखळू लागली, आणि 8 जून 1997 रोजी त्यांचे निधन झाले. हे द्रव्य तशा हातमोज्यातून काही सेकंदांत आरपार जाते हे नंतरच्या चाचण्यांत सिद्ध झाले. त्या काळी रूढ असलेली दक्षता त्यांनी घेतली होती. अपुरी होती ती दक्षतेविषयीची सर्वमान्य माहिती. त्यांच्या सहकाऱ्यांनी घडले ते दडवून न ठेवता इतर रसायनशास्त्रज्ञांना सावध करण्यासाठी प्रसिद्ध केले. एका व्यक्तीचा अपघात तेथे सर्वांचे ज्ञान झाला. अपघाताविषयीचे लेखन कोणते कार्य करू शकते याचा हा आदर्श म्हणावयास हरकत नाही.

टेक्सास टेकच्या अहवालात ज्या प्रश्नाला मध्यवर्ती स्थान मिळालेले नाही, तो प्रश्न म्हणजे विद्यापीठात ‘कामगार’ कोणाला म्हणावयाचे हा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत 29 डिसेंबर 2008 रोजी लागलेल्या आगीमुळे तो तीव्रतेने पुढे आला होता. हवेशी संबंध येताच पेट घेणारे टर्शरी ब्यूटिल लिथियम पिचकारीतून घेत असता एक तेवीस वर्षांची संशोधन-साहाय्यक भाजली आणि अठरा दिवसांनी मरण पावली. तिच्या अंगात प्रयोगशाळेचा संरक्षक कोट नव्हता. अंगातील कृत्रिम धाग्याच्या स्वेटरने पेट घेतला. सुमारे दोन महिन्यांपूर्वीच्या अंतर्गत तपासणीत संरक्षक कोट वापरले जात नसल्याची उणीव नोंदली गेली होती. ती दूर झाली नव्हती. या प्रकरणी राज्याच्या श्रमिक-सुरक्षा यंत्रणेने दंड केला, 2011 च्या डिसेंबरात फौजदारी आरोप दाखल झाले, 2012 मध्ये विद्यापीठाच्या नियामकांनी जबाबदारी मान्य करून सुधारणा स्वीकारल्या, आणि 2014 मध्ये संबंधित प्राध्यापकाशीही तडजोड झाली. प्रयोगशाळेतील मृत्यूबद्दल एखाद्या विद्यापीठाला इतक्या दूरवर जाब द्यावा लागावा, ही तेथील विद्याक्षेत्राला अपूर्व वाटणारी गोष्ट होती.

परंतु हे सारे घडू शकले याचे एक साधे कारण होते. मृत तरुणी वेतनावर नेमलेली कर्मचारी होती, आणि त्या राज्याचा श्रमिक-सुरक्षेचा कायदा सरकारी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांनाही लागू होता. तीच पिचकारी त्याच ठिकाणी एखाद्या विनावेतन विद्यार्थ्याच्या हाती असती, तर तोच कायदा त्याच रीतीने लागू झाला नसता. टेक्सासची परिस्थिती याहूनही निराळी. तेथील राज्य-विद्यापीठे संघराज्याच्या श्रमिक-सुरक्षा कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. ज्वालेला वेतनपत्रक वाचता येत नाही. कायदा मात्र प्रथम वेतनपत्रकच पाहतो. संशोधक विद्यार्थी हा शिकणारा की राबणारा, या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठे सोयीनुसार देत असतात. अनुदानाचा हिशेब देताना तो मनुष्यबळ असतो आणि इजा झाल्यावर तो विद्यार्थी असतो. अपघात-अन्वेषण मंडळाची भाषा संस्था, मार्गदर्शक आणि विद्यार्थी अशा पायऱ्यांची असल्यामुळे हा संदिग्धपणा तिच्यात झाकला जातो.

अहवालाची दुसरी मर्यादा स्थळकाळाची आहे. तो प्रयोगशाळेच्या दारापाशी थांबतो. धोक्याला मात्र दार ठाऊक नसते, आणि पुष्कळदा त्याचे आयुष्य संशोधकाच्या कारकिर्दीपेक्षा दीर्घ असते. याचे विदारक उदाहरण भारतातच घडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले गॅमा किरणांचे एक उपकरण होते. 1985 च्या सुमारास त्याचा वापर थांबला. ते एका खोलीत पडून राहिले आणि 2010 च्या फेब्रुवारीत जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले. पश्चिम दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले. त्यातील कोबाल्ट-60 कामगारांच्या हातांतून, खिशांतून, दुकानांतून फिरला. एप्रिल महिन्यात प्रकार उघडकीस आला, तेव्हा कित्येकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि भंगाराच्या दुकानातील एक कामगार मरण पावला. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरविण्यात आली.

या प्रकरणातील काळाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. कोबाल्ट-60 चे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांच्या आसपास असते. वापर थांबल्यापासून विक्रीपर्यंतच्या पंचवीस वर्षांत त्याची तीव्रता मूळच्या सुमारे चार टक्क्यांवर आली असणार. उरलेला तो अंशही माणसाचा जीव घेण्यास पुरला. संस्थेची स्मृती मात्र त्याहून लवकर क्षीण झाली. उपकरण काय आहे हे जाणणारे निवृत्त झाले. लिलाव करणाऱ्यांच्या लेखी ती एक जड, निरुपयोगी वस्तू होती. डेडस्टॉकच्या नोंदवहीत वस्तूचे नाव, खरेदीची तारीख व किंमत लिहिली जाते हे भारतीय महाविद्यालयांत काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. ती वस्तू उघडली तर काय होईल हे लिहिण्यासाठी त्या वहीत रकाना नसतो. टेक्सासमध्ये शंभर मिलिग्रॅमची मर्यादा ज्या कारणाने हरवली, त्याच कारणाने दिल्लीत एका पेटीचे स्वरूप विसरले गेले. भेद एवढाच की, टेक्सासमधील जखमीला आपण स्फोटक हाताळीत आहोत हे ठाऊक होते. मायापुरीतील कामगाराला आपण काय फोडीत आहोत हे कोणी सांगितले नव्हते, आणि विद्यापीठाच्या कोणत्याही यादीत तो विद्यार्थी, कर्मचारी किंवा अभ्यागत म्हणून नोंदलेला नव्हता.

ही दोन प्रकरणे शेजारी ठेवली म्हणजे टेक्सास टेकच्या अहवालाचे मूल्यमापन अधिक नेमके करता येते. विद्यार्थ्याच्या चुकीपाशी न थांबता संस्थेच्या विस्मृतीपर्यंत जाणे हे त्याचे निर्विवाद यश आहे. त्याच्या शिफारशींचा परिणामही झाला. प्रयोगापूर्वी धोके कसे ओळखावे व पारखावे याविषयी अमेरिकन केमिकल सोसायटीने पुढे मार्गदर्शिका तयार केली, आणि ती या अहवालाच्या शिफारशीतूनच निघाली. परंतु संस्था म्हणजे कोण, हा प्रश्न त्याने पुरेसा ताणला नाही. त्याच्या पायऱ्यांवर प्राध्यापक आहे, विभाग आहे, विद्यापीठ आहे, अनुदान देणारे खाते आहे. रात्री प्रयोगशाळा झाडणारी बाई, बाटल्या धुणारा परिचर, कचरा उचलणारा कंत्राटदाराचा माणूस आणि लिलावात वस्तू घेणारा भंगारवाला त्या पायऱ्यांवर दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत धोका पोहोचतो, ज्ञान पोहोचत नाही.

विद्यापीठातील अपघाताविषयीच्या कोणत्याही अहवालाची परीक्षा यापुढे या कसोटीवर व्हावयास हवी. एका व्यक्तीजवळ असलेले धोक्याचे ज्ञान त्याने सर्वांच्या मालकीचे केले काय? आणि ‘सर्वांच्या’ या शब्दात त्याने कोणाकोणाची गणना केली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास विद्यापीठाला नवे काही शिकावयाचे नाही. जे ते आपल्या विषयांच्या बाबतीत रोज करते, तेच आपल्या कपाटांच्या, नळकांड्यांच्या आणि बंद खोल्यांच्या बाबतीत केले की पुरे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक अवघड आहे. आपल्या ज्ञानाचा लाभ समाजाला होतो असे विद्यापीठ अभिमानाने सांगते. त्या ज्ञानाच्या अवशेषांपासून समाजाला अपाय होऊ नये ही जबाबदारीही त्याच अभिमानातून निघते, आणि ती फाटकापाशी संपत नाही.